बादली भरायला लागलेला वेळ

५ सप्टेंबर

तलावाच्या मातीच्या भरावाखाली, पायथ्याला झरा आहे. त्यावर बादली भरायला गेल्या महिन्यात चाळीस सेकंद लागत होते, आज एकतीस लागले. हे चांगलं की वाईट? मला सांगता येत नाही. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकतीस.

जूनपासून मी गावच्या पाणी वापर संस्थेची सचिव आहे. तलावाचं पाणी ज्यांच्या रानाला मिळतं त्या शेतकऱ्यांची ही संस्था. पगार वगैरे नाही. अध्यक्ष आबासाहेब घरी आले आणि अण्णांना म्हणाले, "गुरुलिंग, तुजी रेश्मा ग्रॅज्युएट हाय. रजिस्टर तरी नीट लिवंल. आमचं अक्षर आमालाच वाचता येत न्हाय." अण्णा दिवसभर खूश होते. घरातली पहिली पदवी माझी, आणि तिचा गावाला झालेला पहिला उपयोग हा.

आधीच्या रजिस्टरात चार वर्षांत सहा पानं भरली होती. त्यातलं एक सत्काराचं. मी ठरवलं की रोज लिहायचं. जुलैत तालुक्याहून कनिष्ठ अभियंता गवळी साहेब आले होते. भरावावरून एक चक्कर मारली, बाभळी तोडा म्हणाले, आणि झऱ्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले. मी म्हटलं, मोजायला आमच्याकडे काही यंत्र नाही. ते म्हणाले, "बादली आहे? मोबाइल आहे? मग रोज एक बादली भरायची आणि सेकंद लिहायचे. आकड्याला घाबरू नका. आकडा बदलला की घाबरा."

आता बदलला आहे. पण गावात झरा वाढला म्हणजे आनंद असतो. दुष्काळातही तो आटला नव्हता म्हणतात. तिथे शेंदूर लावलेला दगड आहे, त्याची पूजा दगडाबाई करते. ओढ्याकाठच्या वस्तीत दहा घरं आहेत, त्यातलं तिचं सगळ्यात वरचं, झऱ्याला खेटून. आमची विहीरही त्या झऱ्यावरच जगते. पाणी बाहेर यायला जो पाइपचा तुकडा लावलाय, तो अण्णांनीच कधीतरी बसवलेला.

हे ओट्यावर बसून लिहितेय. सहावीपासूनचा माझा सगळा अभ्यास या ओट्यावर झाला. मोठे काळे दगड आहेत, दिवसभर तापले तरी संध्याकाळी लवकर निवतात. मी पाचवीत असताना, दुष्काळाच्या वर्षी, अण्णांनी एकट्यानं बांधला होता.

७ सप्टेंबर

आज गोण्यांचा रविवार. अंग दुखतंय, पण लिहिल्याशिवाय झोपायचं नाही.

गणपती उठले की पहिल्या रविवारी घरटी एक गोणी सांडव्यावर जाते. तलाव भरला की जादा पाणी ओढ्याला निघून जावं म्हणून एका कडेला दगडी सांडवा बांधलेला आहे. त्या सांडव्यावर आम्ही दरवर्षी मातीच्या गोण्या रचून दोन फुटांचा बांध घालतो. दोन फूट पाणी जास्त साठलं की रब्बीला पाण्याची एक पाळी जास्त मिळते. गोणीवर रंगानं घराचं नाव लिहायचं असतं. एकशे बावन्न घरं, एकशे बावन्न गोण्या. पुण्याला गेलेल्यांच्या गोण्या भाऊबंद भरतात, पण नाव चुकत नाही.

ज्या वर्षी पाणीच आलं नाही त्या वर्षीही म्हणे लोकांनी कोरड्या सांडव्यावर गोण्या नेऊन ठेवल्या होत्या. आज पाणी सांडव्याच्या जेमतेम हातभर खाली होतं आणि सगळे हसत होते. बसवेश काका माझी गोणी बघून म्हणाले, "ग्रॅज्युएट बाई, गोनी लई हलकी दिसती. आत पुस्तकं भरली काय?" मी म्हटलं, "उचलून बघा की." त्यांनी उचलली आणि कंबर धरून बसले. आबा ओरडले, "पुस्तकंच हायती! जड लागनारच!"

हसताना माझ्याकडून एक विचारायचं राहिलं. ज्यांनी सांडवा बांधला त्यांनी तो दोन फूट उंच का बांधला नाही? त्यांना काय पाणी नको होतं?

संध्याकाळी अण्णांना विचारलं. "त्यांना हितं पानी येईल असं वाटलंच न्हवतं," असं म्हणून ते बैलांकडे गेले.

१२ सप्टेंबर

तीन दिवस पाऊस. पूर्वा नक्षत्र जाता जाता भरभरून देऊन चाललं आहे. पाणी गोण्यांना टेकलं. आज बावीस सेकंद.

आणि एक नवीन. बादली भरून ठेवली, मोबाइलवर आकडा टाइप केला आणि परत बघितलं, तर तळाशी चिमूटभर माती बसली होती. दुसरी बादली भरली, तिच्यातही. पाणी नितळ नव्हतं. तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं.

दगडाबाई हळदीकुंकू घेऊनच बसली होती. "बगितलंस का, झऱ्याला दूद आलंय. माज्या जल्मात दुसऱ्यांदा. बाळंतीन झालीय लक्ष्मी." तिनं माझ्या कपाळालाही कुंकू लावलं आणि त्याच पाण्याचा घोट पाजला. मी प्यायले. नाही म्हणायला जमलं नाही. दातांत बारीक कचकच लागली.

"पहिल्यांदा कधी आलं होतं?"

"दुष्काळाच्या म्होरच्या साली. दगड गेलं आनि दूद आलं." पुढे ती आरतीच म्हणायला लागली, म्हणून विचारता आलं नाही कुठले दगड.

१३ सप्टेंबर

गवळी साहेबांना फोन लागला. मागे पावसाचा आवाज होता आणि कुणीतरी ओरडत होतं. त्यांच्याकडे साठावर तलाव आहेत आणि माणसं तीन.

मी सेकंद सांगितले. गढूळपणा सांगितला, तेव्हा म्हणाले, "किती दिवस?"

"कालपासून."

"पायथ्याशी काळ्या दगडांचा थर आहे ना? गुडघ्याएवढा उंच, भरावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत?"

मी म्हटलं, बघून सांगते. पळत गेले. पायथ्याला गवत आहे, घाणेरीची झुडपं आहेत, एक तुटकी चप्पल आहे. दगडांचा थर कुठेच नाही. फोटो पाठवला.

साहेबांनी परत फोन केला. त्या दगडांचं काम त्यांनी मला समजावून सांगितलं. मातीच्या भरावातून थोडं पाणी पाझरणारच. दगड आणि त्याखालची वाळू ते पाणी बाहेर सोडतात, पण माती आत धरून ठेवतात. चहाच्या गाळणीसारखं. गाळणी नसेल तर पाण्याबरोबर माती जाते, आतल्या आत बीळ पडतं, आणि एक दिवस ते बीळ पाण्यापर्यंत पोचतं. "मग?" मी विचारलं. "मग भराव राहत नाही," ते म्हणाले. "गोण्या आहेत का सांडव्यावर? आधी त्या काढा. पाणी खाली आलं की दाब कमी होईल. तलावाचं पाणी सोडायचं दार उघडता येतंय का बघा." दाराचं चाक तीन वर्षांत फिरलेलं नाही. गंजून एकजीव झालंय.

सरकारी कागदावर दगड असणार, बिलात दगड असणार, आणि जागेवर चप्पल! रात्रीच्या जेवणाआधी ओट्यावर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं तक्रार लिहिली. पहिलंच वाक्य असं: "सदर तलावाच्या ठेकेदाराने पायथ्याचे सर्व दगड खाल्ले असून शेकडो जीव धोक्यात घातले आहेत." अण्णा आणि आई समोर होते, त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. अशा माणसांना जन्मभर झोप लागत नसेल, असंही मी म्हटलं.

आईनं अण्णांकडे बघितलं. अण्णा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. म्हणाले, "धाडू नको इतक्यात." मी म्हटलं, "का? कुणाला भ्यायचं?" ते हात धुऊन गोठ्याकडे गेले. आमच्या अण्णांना सरकारी कागदाची फार भीती वाटते. त्यांच्या पिढीचं तसंच आहे. माझ्या शिक्षणाचा उपयोग हाच, की ही भीती माझ्यापाशी थांबली.

१५ सप्टेंबर

एकोणीस सेकंद. पाणी पांढुरकंच.

दगडाबाई दुपारी घरी आली होती, ज्वारी निवडायला. ती कधीच आमच्या ओट्यावर बसत नाही, खाली अंगणात मातीत फतकल मारते. मी म्हटलं, वर बस की. तर म्हणाली, "न्हाय बाई. लक्ष्मीच्या पायाखालचं हाय ते, मी कशी बसू?"

मी तिला तक्रारीबद्दल सांगितलं. दगड कसे खाल्ले, कोण खातं, सगळं. ती सुपातले खडे टिपत होती. "लई शिकलीस गं रेश्मे," म्हणाली. "आता येकदा तुज्या ओट्याला बी ईचार."

आतून आईनं भांडं आपटलं. आई अक्कलकोटकडची. रागावली की कन्नडमधून बोलते. "साकु!" म्हणाली. म्हणजे पुरे. दगडाबाई सूप उचलून गेली. बायकांची जुनी काहीतरी भांडणं असतात, मी त्यात पडत नाही.

१७ सप्टेंबर

आजची सभा. सगळं खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही.

मी आकड्यांचा तक्ता करून नेला होता. चाळीस, एकतीस, बावीस, एकोणीस, आज सतरा. उभी राहून वाचला. गाळणीचं उदाहरण दिलं. गोण्या काढू या म्हटलं. समाजमंदिरात साठसत्तर माणसं होती. मग मागून आवाज आला, "झरा वाडला तर रडती, आटला आस्ता तर काय केलं आस्तं?" सगळे हसले.

आबा हसले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "पोरी, दोन साल हितं जनावरानं टँकरचं पानी पिलंय. माज्या बानं ह्या तलावावर पाटी उचललीया. भरलेलं पानी मी हातानं सोडून दिलं, आनि उत्तरा कोरडी गेली, तर रब्बीला कुनाचं त्वांड बगू? तू लिवून देतीस का, पाऊस पडंल म्हनून?"

मी लिहून देऊ शकत नव्हते.

"मंग सोमवारी घट बसत्यात. त्या दिवशी जलपूजन करू. ओटी भरू. मंग काय त्या सायबाला ईचारू."

बसवेश काकांनी अनुमोदन दिलं. अण्णा खांबाला टेकून बसले होते. मला वाटलं, निदान ते तरी एक शब्द बोलतील. त्यांनी मान वर केली नाही.

ठराव असा: "घटस्थापनेच्या दिवशी जलपूजन होईपर्यंत सांडव्यावरील गोण्या कोणीही काढू नयेत. सर्वानुमते मंजूर." तो मीच लिहिला. सचिव मी आहे. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलंय, याचाच जास्त राग येतोय. सर्वानुमते या शब्दापाशी मी थांबले होते. दोन सेकंद. मग लिहिला.

१९ सप्टेंबर

चौदा. बादलीच्या तळाला आता बोटाचं पेर बुडेल इतकी माती.

साहेब म्हणतात, सोमवारी नक्की येतो, पण गोण्यांसाठी थांबू नका. मी म्हटलं, ठराव झालाय. ते म्हणाले, "पाण्याला ठराव वाचता येतो का?" मला हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, वस्तीत किती माणसं? मी म्हटलं, त्रेचाळीस. ते म्हणाले, "नावं माहीत आहेत?" आहेत. सगळी माहीत आहेत. म्हणून तर झोप नाही.

सांडव्यापर्यंत दोनदा जाऊन आले. आमची गोणी वरच्या थरात कडेला आहे. तिच्यावर हात ठेवला आणि परत आले. मी भित्री आहे. भाषणाला उभी राहते, पण एक गोणी ढकलायला हात उठत नाही. कॉलेजात वक्तृत्वाला ढाल मिळाली होती. ती कपाटावर आहे.

२० सप्टेंबर

त्रेपन्न सेकंद!

मला वाटलं मोबाइल बिघडला. परत मोजलं. त्रेपन्न. पाइपमधून करंगळीएवढी धार, आणि जवळजवळ नितळ. पाऊस कालपासून थांबला आहे. कदाचित भराव आपोआप घट्ट बसला असेल. मातीला तसं होतं का, हे साहेबांना विचारलं पाहिजे. फोन लागला नाही, मेसेज टाकला.

आबांना वाटेत सांगितलं तर म्हणाले, "बग, मी काय म्हनत हुतो?" मी मान हलवली. थोडी लाज वाटली, पण आनंद जास्त होता. तक्रारअर्ज मात्र पाठवणार. दगड खाल्ले ते खाल्लेच.

अण्णांना सांगायला गेले, तर ते गोठ्यात झोपले होते, भर दुपारी. पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेले. विहिरीपाशी गाळ काढत होतो म्हणाले. आई म्हणाली, पहाटेपासून गेले होते. मी सांगितलेला आकडा ऐकून ते उठून बसले. "खरंच कमी झालं?" दोनदा विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी निकालाच्या दिवशीही बघितला नव्हता.

२१ सप्टेंबर

पाऊस परत आला. सकाळपासून थांबत नाही. पंचावन्न सेकंद. झरा शांत. आई घटासाठी रानातून माती घेऊन आली.

साहेबांचा मेसेज, संध्याकाळी सात वाजता: "आपोआप असं होत नाही. झरा कुणी बुजवलाय का बघा. भरावाखाली आजूबाजूला नवीन पाणी कुठे येतंय का बघा. उद्या पोचतो."

कोण बुजवेल? उद्या उजाडताच बघते.

२२ सप्टेंबर, संध्याकाळ

आज दाराच्या चौकटीत बसून लिहितेय. ओटा नाही.

क्रमानं लिहिते.

पहाटे पाचला दगडाबाई दारात आली. भिजलेली, हातात शेंदराचा दगड. देव उचलून आणला होता तिनं. म्हणाली, "माज्या चुलीतनं पानी येतंय. गोल फिरतंय आनि वाळू वर फेकतंय. गरम भात शिजल्यागत."

मी निघाले, तर अण्णा मध्ये आले. ओट्याच्या पायरीखाली दोन्ही हात पसरून उभे राहिले. "मी बुजिवला झरा," म्हणाले. "चिकन मातीनं. पोत्यानं ठासून. मला वाटलं बंद हुईल. तू रडत हुतीस रोज."

मला सगळं एकदम कळलं असं म्हणणं खोटं होईल. मी म्हटलं, "ठीक आहे अण्णा, चुकून झालं. मूळ चूक त्या ठेकेदाराची."

"ठेकेदारानं न्हाय खाल्लं," अण्णा म्हणाले. "आमी खाल्लं. दुष्काळ हुता. तीन साल तलावात कुत्री पळायची. रिकाम्या तलावाला दगड कशाला म्हनून पयली गाडी मी भरली. मंग बसवेशनं नेलं. मंग गावानं नेलं." आणि ते खाली बघायला लागले, माझ्या पायांकडे. मी ओट्यावर उभी होते.

दगडाबाई अंगणात उभी होती. तिच्या तोंडावर "सांगितलं हुतं" असं काहीच नव्हतं. आई म्हणाली, "साकु." पण ते रागावून नव्हतं. तिनं खुंटीवरचा विळा काढून माझ्या हातात दिला.

साहेबांना फोन लावला. ते अर्ध्या वाटेत होते, ओढ्याला पूर म्हणून अडकलेले. इतकंच म्हणाले, "वस्ती रिकामी करा, मग गोण्या. बुजवलेलं उकरू नका, आणि वर आणखी माती टाकू नका. जिथे उकळतंय तिथे वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड. पाणी येऊ द्या, माती येऊ देऊ नका." फोन बंद झाला.

दगडाबाई ताट वाजवत वस्तीत गेली. ती आयुष्यभर त्या झऱ्याची पुजारीण होती, म्हणूनच लोक तिच्या शब्दावर उठले असतील. माझ्या तक्त्यावर कुणी उठलं नसतं. सहा वाजेपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात मी त्रेचाळीस नावं घेतली. एक कमी होतं. गुरं सोडायला गेलेली ईरम्मा. ती आली, मग मी सांडव्याकडे गेले.

आईनं बैलाचा कासरा माझ्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक बाभळीला वेढा देऊन स्वतः धरलं. त्याच बाभळी, ज्या तोडायला सांगितल्या होत्या. गोण्यांच्या वरच्या कडेला पाणी टेकलेलं होतं. पहिली आमची कापली. माती खळकन खाली गेली आणि रिकामं पोतं नावासकट ओढ्याला लागलं. मग दुसरी. नावं वाचायची नाहीत असं ठरवलं होतं, पण वाचत होतेच. वीसेक कापल्यावर पाण्याला वाट मिळाली आणि पुढच्या त्यानं स्वतःच उचलल्या. आवाज असा होता, की आई काय ओरडतेय ते मला ऐकू येत नव्हतं. नंतर कळलं, ती म्हणत होती, "बास कर, आता ये."

आबा भरावावरून आले तेव्हा सांडवा पूर्ण उघडा झाला होता. नवं धोतर होतं, हातात ओटीचा नारळ. पूजेच्या आधी येऊन जागा झाडून घेणार होते. मी काही सांगायला गेले, तर त्यांनी हात वर केला. "एक पाळी गेली," एवढंच म्हणाले. "माजी गोनी कुटली हुती?"

"सातवी."

नारळ गोण्यांच्या जागी ठेवून ते निघून गेले.

खाली आले तर अण्णा दगडाबाईच्या घरात होते. बैलगाडी दारात, आणि गाडीत आमचा ओटा. पहारीनं एकट्यानं काढला होता. वाळू नव्हती. मी म्हटलं, आबांच्या दारात आहे, बांधकामाची. अण्णा म्हणाले, आता कुठल्या तोंडानं मागू? मागायची वेळ आली नाही. अर्ध्या तासानं वाळूची ट्रॉली आली. आबा आले नाहीत, ट्रॉली आली. चुलीच्या जागी आधी वाळू, मग खडी, मग काळे दगड, एकेक, हातानं लावत. मी अभ्यासाला ज्यावर बसायचे तो सपाट दगड अण्णांनी सगळ्यात शेवटी ठेवला. पाणी त्याच्या कडेनं येत राहिलं. वाळू फिरायची थांबली.

बसवेश काका दुपारी दोन दगड घेऊन आले, त्यांच्या तुळशीवृंदावनाचे. आणखी चौघं आले. बाकीचे आले नाहीत. पारावर कुणीतरी म्हणालं, "बापानं दगड खाल्लं, लेकीनं पानी सोडलं." मी ऐकलं. दोन्ही खरं आहे.

साहेब चारला पोचले. म्हणाले, धोका गेलेला नाही, पाणी अजून खाली आणावं लागेल, पंप मागवतो, वस्ती चार दिवस शाळेतच ठेवा. त्यांनी विचारलं, गोण्या कुणाच्या आदेशानं काढल्या, अहवालात लिहायचंय. मी म्हटलं, लिहून देते.

तक्रारअर्ज फाडला नाही. त्यातला "ठेकेदाराने" हा शब्द खोडून "आम्ही" लिहिलं. अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाव घाल. पयलं माजं घाल." घातलं. साहेबांच्या हातात दिला.

मग रजिस्टर उघडलं. सतरा तारखेच्या ठरावाखाली चार बोटं जागा होती. तिथे लिहिलं: "वरील ठराव पाळला नाही. सांडव्यावरील गोण्या दिनांक २२ सप्टेंबर रोजी सकाळी सहा चाळीस वाजता मी कापल्या. कोणाचाही आदेश नव्हता." खाली पूर्ण नाव, पदवीसकट, आणि सही.